पक्के छप्पर म्हणजे काय?

घरावर गवत, पेंढा किंवा पाने रचून ते पावसाळ्यासाठी तयार करण्याला मराठीत ‘शाकारणे’ असे स्वतंत्र क्रियापद आहे. कौले आली तेव्हाही ते टिकून राहिले. कोकणात आजही मे महिना उजाडला की घर शाकारायला माणूस मिळत नाही, अशी तक्रार ऐकू येते. पत्र्यापाशी मात्र हे क्रियापद थांबले. पत्रा कुणी शाकारत नाही, तो ठोकतात. स्लॅब टाकतात. शाकारण्यात दरवर्षी छपराकडे वर बघण्याचा, त्याची विचारपूस करण्याचा भाव होता. ठोकण्यात आणि टाकण्यात काम एकदाचे उरकल्याचा भाव आहे. आपल्या छपरांचे काय झाले, ते या शब्दांतूनच बरेचसे कळते.

पालघर जिल्ह्यात, विक्रमगड तालुक्यातल्या एका पाड्यावर, एका वारली आजीने मला हा सगळा बदल दोन वाक्यांत सांगितला होता. तिच्या कुडाच्या घरावर पूर्वी गवत होते, आता सिमेंटचे पत्रे आहेत. मे महिन्यातली दुपार होती. घरात बसवत नव्हते, म्हणून आम्ही बाहेर आंब्याच्या सावलीत बसलो होतो. आजी म्हणाली, “गवताखाली गार वाटायचं, पण पाऊस आला की रात्र जागून काढायची. पत्र्याखाली घाम येतो, पण पावसात झोप लागते.”

या दोन वाक्यांपैकी एकच उचलून आपण आजवर वाद घालत आलो आहोत. पर्यावरणाची काळजी असणाऱ्यांना पहिल्या वाक्यातला गारवा ऐकू येतो. सरकारी योजना आखणाऱ्यांना दुसऱ्या वाक्यातली झोप ऐकू येते. आजीने मात्र दोन्ही वाक्ये एका दमात सांगितली होती. माझे म्हणणेही तेवढेच आहे. गवताचे छप्पर जायला हवे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याच्या जागी जे येईल त्याने गवत करत होते ती कामेही केली पाहिजेत. छप्पर पक्के की कच्चे हे ते कशाचे आहे यावरून ठरवणे आता थांबवले पाहिजे. ते त्याखालच्या माणसासाठी काय करते, यावरून ठरवले पाहिजे.

आधी गवत का जायला हवे ते नीट मान्य करू. ज्यांच्या डोक्यावर स्लॅब आहे त्यांनी दुसऱ्याच्या गळक्या छपराचे गोडवे गाऊ नयेत. सह्याद्रीच्या पश्चिमेला वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसात पातळ शाकारलेले गवत एक-दोन वर्षांत कुजते. वाळवी लागते, उंदीर बिळे करतात, उंदरांमागून साप येतो. दरवर्षी गवत कापायचे, डोक्यावरून वाहून आणायचे, वाळवायचे आणि चढवायचे. यातले बरेचसे काम बाईच्या वाट्याला येते आणि त्याचा हिशेब कुठेच धरला जात नाही.

आगीची भीती तर आहेच. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणममध्ये एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागलेली आग झावळ्यांच्या छपराने पकडली आणि ९४ मुले गेली. पाड्यावर एक घर पेटले की वाऱ्याच्या दिशेला असलेली सगळी घरे जातात, आणि घराबरोबर वर्षाचे भात, कागदपत्रे, मुलांची पुस्तकेही जातात. ज्याने हे पाहिले आहे त्याला गवताच्या छपरातली कविता सांगून उपयोग नाही.

शिवाय छपराला प्रतिष्ठाही चिकटलेली आहे. मलबारात एकेकाळी घरावर कौले घालण्याची मुभा देवळे आणि राजवाडे यांच्यापुरती होती. बाकीच्यांनी, ऐपत असली तरी, झावळ्यांखालीच राहायचे. छपरावरून माणसाची पायरी ओळखली जावी, ही त्यामागची व्यवस्था होती. आपल्याकडेही ‘झोपडीतला’ आणि ‘वाड्यातला’ हे शब्द केवळ पत्ता सांगत नाहीत. म्हणून ज्याच्या आजोबा-पणजोबांनी गवताखाली दिवस काढले, तो ‘मला स्लॅबचेच घर पाहिजे’ म्हणतो तेव्हा त्याला अडाणी म्हणणे हा अन्याय आहे. त्याला सिमेंटबरोबर मानही हवा आहे, आणि तो मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

आणि गवत तर जातेच आहे. २००१ च्या जनगणनेत देशातली सुमारे २२ टक्के घरे गवत, बांबू, लाकूड, माती अशा छपरांची होती. २०११ मध्ये ती १५ टक्क्यांवर आली. त्याच दहा वर्षांत काँक्रीटच्या छपरांचे प्रमाण सुमारे २० वरून २९ टक्क्यांवर गेले. पुढे २०१६ मध्ये इंदिरा आवास योजनेची जागा प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागाने घेतली आणि हा वेग आणखी वाढला. गवत राहावे की जावे, हा प्रश्न लोकांनी आपापल्या परीने सोडवला आहे. त्याच्या जागी काय यावे, हा प्रश्न मात्र उरला आहे, आणि त्याच्यावर आपण पुरेसा विचार केलेला नाही.

तो विचार करायचा तर आधी गवताचे छप्पर काय काम करत होते ते पाहावे लागेल. मधोमध आढे, आढ्यापासून वळचणीपर्यंत वासे, वाशांवर आडव्या कामट्या आणि कामट्यांना बांधलेल्या गवताच्या पेंढ्या. काम वळचणीकडून सुरू करून वर आढ्याकडे न्यायचे, म्हणजे वरची पेंढी खालच्या पेंढीच्या बंधावर येते आणि पाण्याला आत शिरायला फट उरत नाही. उतार चांगला उभा ठेवायचा, ४५ अंश किंवा त्याहून जास्त. एकटी काडी पाणी अडवू शकत नाही, ती ते फक्त पुढच्या काडीकडे सोपवते. उतार कमी पडला की पाणी रेंगाळते, आणि रेंगाळलेल्या पाण्याने गवत कुजते. आढ्याचे पाणी वळचणीला, ही म्हण या रचनेतूनच आली आहे.

काड्यांमध्ये कोंडलेली हवा उन्हाला आत येऊ देत नाही. चुलीचा धूर छपरातून हळूहळू झिरपत बाहेर पडतो, आणि जाताजाता गवत कोरडे ठेवतो, किडीला लांब ठेवतो. वळचण भिंतीपासून पुढे आलेली असते, म्हणून कुडाची माती पागोळ्यांपासून वाचते. आणि छपराचा कुठलाही कोपरा बिघडला तरी तो दुरुस्त करणारा माणूस त्याच घरात राहत असतो. त्याला बाजारात जावे लागत नाही, कुणाची वाट पाहावी लागत नाही.

आता त्याच घरावर पत्रा आला असे धरू. पावसाचा प्रश्न सुटला, आगीचा सुटला, वर्षावर्षाची मेहनत वाचली. हे फार मोठे लाभ आहेत. पण लोखंड गवताच्या कित्येक शे पटींनी उष्णता वाहून नेते, आणि पत्रा एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतो. उन्हाळ्यात भर दुपारी तो ६० अंशांच्या वर तापतो आणि सगळी आच खाली सोडतो. घराची उंची बेताची, खिडकी एक किंवा तीही नाही. कमावती माणसे दिवसभर बाहेर असतात. त्या भट्टीत मागे राहतात म्हातारी माणसे, बाळंतीण आणि तान्हे मूल. उष्माघाताच्या बातम्यांत आपण रस्त्यावर कोसळलेल्या माणसाबद्दल वाचतो. घरातच तापणाऱ्यांची बातमी होत नाही.

सिमेंटचा पत्रा लोखंडापेक्षा थोडा कमी तापतो आणि पावसात आवाजही कमी करतो, म्हणून लोकांना तो आवडतो. पण आपल्याकडे या पत्र्यांत बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसचे धागे असतात. सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस कर्करोगाला कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे. ६० हून अधिक देशांनी त्याच्या वापरावर बंदी घातली आहे. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या आरोग्याबद्दल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच महत्त्वाचा निकाल दिला. आपल्याकडे त्याच्या खाणींना नवे परवाने मिळत नाहीत, पण बाहेरून माल येतच राहतो आणि पत्रे बनतच राहतात. धडधाकट पत्र्याखाली राहिल्याने फार मोठा धोका नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. धोका असतो तो पत्रा कापताना, भोके पाडताना, आणि तो फुटल्यावर. आणि गावात पत्रा कापतो कोण? तोंडाला काही न बांधता घरातलाच मुलगा कापतो. फुटलेले तुकडे कुठे जातात? गोठ्याच्या आडोशाला, न्हाणीच्या कडेला, अंगणातल्या चिखलात पाय ठेवायला. हा आजार उगवायला वीस, तीस, चाळीस वर्षे लागतात. तोवर कोण कुठे होता आणि पत्रा कुणी विकला, हे कुणाच्या लक्षात राहणार?

तरीही जनगणनेच्या व्याख्येत लोखंडी आणि ॲस्बेस्टॉसचे पत्रे ‘पक्क्या’ साहित्यात मोडतात आणि गवत-बांबू ‘कच्च्या’त. योजनांच्या याद्याही ‘कच्ची भिंत, कच्चे छप्पर’ याच कसोटीवर बनतात. या व्याख्येत साहित्याचे नाव आहे. आतली उष्णता, हवा, दुरुस्ती यांचा उल्लेख नाही. कागदावर घर पक्के झाले की सरकारच्या दृष्टीने काम संपते.

या ‘पक्के’पणाची परीक्षा ३ जून २०२० रोजी झाली. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११०-१२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा आणि पलीकडे मंडणगड, दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या आणि हजारो घरांची छपरे गेली. गवताची गेली, कौलांची गेली आणि पत्र्यांचीही गेली. पण गवत उडाले तर ते शेतात पडते. उडालेला पत्रा वाटेत येईल त्याला कापत जातो. आणि पावसाळा तोंडावर असताना सगळ्यांनाच एकदम पत्रे हवे होते. ते मिळेनात, मिळाले तर परवडेनात, म्हणून घरे कित्येक दिवस ताडपत्रीखाली राहिली.

पत्रा वाईट असतो, असा याचा अर्थ नाही. तो कसा बसवला आहे त्यावर सगळे अवलंबून असते. उतार फार कमी असला तर वारा पत्र्याला वरून ओढून घेतो, ३० अंशांच्या आसपास उतार असेल तर ओढ कमी होते. दोन पाख्यांपेक्षा चार पाख्यांचे, म्हणजे चौपाखी छप्पर वादळात जास्त तग धरते. आपल्या जुन्या कोकणी घरांना हे ठाऊक होते. पत्रा नुसत्या खिळ्यांवर न ठेवता हुकबोल्टने वाशांना, वासे पट्ट्यांनी भिंतींना आणि भिंती पायाला बांधलेल्या हव्यात. घरकुलाची पाहणी करणारा माणूस पायाचा फोटो काढतो, भिंतीचा काढतो, छपराचा काढतो. पण फोटोत बोल्ट दिसत नाही.

नवे साहित्य आणि जुने शहाणपण एकत्र नांदू शकते का, असे कुणी विचारले तर मी त्याला मंगळूरी कौलाकडे बोट दाखवीन. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. यंत्रावर दाबलेली, सारख्या मापाची, एकमेकांत अडकणारी ही कौले त्या काळातले अगदी आधुनिक साहित्य होते. ती समुद्रमार्गे गोवा, कोकण, मुंबईपर्यंत पोहोचली आणि काही पिढ्यांत इतकी आपली झाली की आज आपण त्यांनाच ‘पारंपरिक’ म्हणतो. हे साधले कशामुळे? कौलाने उतार तसाच ठेवला, वळचण ठेवली. कौलांच्या फटींतून हवा खेळत राहिली, धूर जात राहिला. एक कौल फुटले तर एकच बदलता आले, तेही घरच्या माणसाला. आणि शाकारणे हे क्रियापदसुद्धा कौलाने सांभाळले. कौलाने गवत घालवले, पण गवताचे काम स्वतःच्या अंगावर घेतले. चांगल्या बदलाची माझी व्याख्या एवढीच आहे.

यावर कुणी म्हणेल, मग गवतच सुधारून का टिकवू नये? जपानमध्ये शिराकावा-गो या गावातली हात जोडल्यासारखी उभी, गवताने शाकारलेली घरे १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. इंग्लंडमध्ये शाकारलेली जुनी घरे कायद्याने जपली जातात. हे खरे आहे, पण तिथले गवत जाडजूड थरात रचलेले असते आणि काही दशके टिकते. त्यामागे पैसा आहे, पर्यटन आहे, शिकलेले कारागीर आहेत. शिराकावा-गोमध्ये एका घराचे छप्पर बदलायला सारा गाव उतरतो. आपल्याकडेही यासाठी शब्द होते, इर्जिक आणि सावड. आज तुझे घर, उद्या माझे. पण ज्या गावातली माणसे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, तिथे इर्जिक करायला उरतो कोण? गवत कापायच्या आणि शाकारायच्या नेमक्या महिन्यांत कातकरी कुटुंब दुसऱ्याच्या पक्क्या घरासाठी विटा थापत असते.

सामानही आटले आहे. एकोणीसशे साठच्या दशकात तायचुंग नेटिव्ह-१, आयआर-८ अशा बुटक्या भातजाती आल्या. भात वाढले, त्याने पोटे भरली, पण काड आखूड झाले आणि आखूड पेंढ्याने छप्पर नीट होत नाही. गवताचे माळ बागायतीत, प्लॉटमध्ये, फार्महाउसच्या कुंपणात गेले. तेव्हा पाड्यावरच्या माणसाला ‘गवताकडे परत जा’ सांगणे म्हणजे त्याच्याकडे नसलेला वेळ आणि नसलेले रान त्याच्याकडून मागणे आहे. तेच गवत आता शहराजवळच्या रिसॉर्टवर दिसते, तिथे त्याची किंमत आहे आणि त्याला ‘निसर्गस्नेही’ म्हणतात. ज्याच्या बापाने ते शाकारण्याचे कसब जपले, त्याच्या घराला मात्र आपण कच्चे म्हणतो. या कसबाला मजुरी आणि मान मिळत असेल तर मला आनंदच आहे. गरिबाने मात्र ते नाइलाजाने करावे, असे मला वाटत नाही.

मग करायचे काय? उत्तरे अवघड नाहीत. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात स्लॅबच्या पोटात जुनी कौले घालून सिमेंट आणि लोखंड वाचवले, खोलीतली उष्णताही कमी केली. बंगळूरच्या प्लायवूड संशोधन संस्थेने बांबूच्या चटयांपासून पन्हाळी पत्रा तयार केला. खुद्द केंद्र सरकारने ‘पहल’ या नावाने देशाच्या निरनिराळ्या हवामानांसाठी, तिथल्या साहित्यात बसणारे घरांचे नमुने प्रसिद्ध केले आहेत. २०१७ मध्ये बांबू कायद्याने ‘झाड’ राहिला नाही, त्यामुळे खासगी जमिनीवर लावलेला बांबू तोडणे आणि नेणे सोपे झाले. ज्ञान आहे, नमुने आहेत. ते पाड्यापर्यंत, गवंड्यापर्यंत, घरकुलाच्या हप्त्यापर्यंत पोहोचत नाहीत.

पोहोचवायचे तर काही गोष्टी ठरवाव्या लागतील. पहिली, सरकारी पैशातून उभ्या राहणाऱ्या कोणत्याही घरावर ॲस्बेस्टॉसचा पत्रा चढू नये. दुसरी, लोखंडी पत्रा घालायचाच तर त्याखाली हवेची पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्याचे अस्तर, आढ्याजवळ गरम हवा निघून जायला झरोका आणि वरून चुन्याचा पांढरा हात, हे खर्चाच्या अंदाजपत्रकातच धरावे. अहमदाबादसारख्या शहराने आपल्या वस्त्यांत पांढऱ्या छपरांचे महत्त्व ओळखले, तेलंगणाने २०२३ मध्ये गार छपरांचे धोरण आणले. महाराष्ट्राच्या खेड्यांनी वाट पाहायचे कारण नाही. तिसरी, प्रधानमंत्री आवास योजनेचे घरकुल अनुदान २०१६ मध्ये सपाट भागासाठी १ लाख २० हजार आणि डोंगरी, दुर्गम भागासाठी १ लाख ३० हजार ठरले. तेव्हापासून सिमेंट, सळई, वाळू आणि मजुरी कुठल्या कुठे गेली. पैसे पाया आणि भिंतीतच संपतात, म्हणून छपरावर हात आखडतो आणि मिळेल तो पत्रा पडतो. छपरासाठी वेगळी रक्कम असली पाहिजे. चौथी, ग्रामीण गवंड्यांना सरकार प्रशिक्षण देते, त्यात छपराची बांधणी, चौपाखी रचना आणि कौलकाम यांना पूर्ण जागा मिळावी. कौलकाम जाणणारे म्हातारे कारागीर अजून गावोगावी आहेत, त्यांना शिकवायला बोलवावे.

आणि घर कसे असावे, हे घरातल्या बाईला विचारून ठरवावे. घरकुल मिळालेल्या अनेक कुटुंबांनी घरामागे गवताचा किंवा झावळ्यांचा एक आडोसा उभा केलेला दिसतो. चूल तिथे असते, दुपारची झोप तिथे असते. नव्या पक्क्या खोलीत धान्याच्या कणग्या, ट्रंक आणि मोबाईलचा चार्जर. आपण बांधून दिलेले घर लोक कोठारासारखे वापरत असतील आणि राहायला पुन्हा गवताखाली जात असतील, तर घर कसे असावे याचे उत्तर त्यांनी आपल्याला अंगणातच बांधून दाखवले आहे. ते वाचायचे की नाही, हे आपल्यावर आहे.

ग्रामसभेत बसणाऱ्या, घरकुलाच्या कागदावर सही करणाऱ्या, नकाशा काढणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. घर पूर्ण झाल्याचा दाखला देण्यापूर्वी मे महिन्यात भर दुपारी दोन वाजता त्या घरात अर्धा तास बसा आणि जुलैत एकदा पावसात जाऊन या. ज्या घरात तुम्हाला दोन्ही वेळा बसवेल, त्याच घराला पक्के म्हणा.